बाहुली उघडेना: अपुऱ्या दिवसांची जुळी आणि संगणकाने बाजूला ठेवलेल्या प्रतिमा

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातले आहे. कर्मचारी त्याला एसएनसीयू म्हणतात, नातेवाईक 'बाळ पेटीत आहे' एवढेच सांगतात. ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे. या कक्षात काढलेल्या डोळ्यांच्या प्रतिमा शहरात बसून वाचणाऱ्या दोन नेत्रतज्ज्ञांपैकी मी एक होते.

आधी बाळाच्या डोळ्याच्या वाढीबद्दल, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यापर्यंत डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. डोळ्याची नस जिथे आत शिरते त्या चकतीपासून त्या फुटतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात. नाकाच्या बाजूची कड जवळ असते, तिथे त्या ३२ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास पोहोचतात. कानाच्या बाजूची कड गाठायला जवळजवळ ४० आठवडे लागतात. २९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा मोठा भाग त्यामुळे वाहिन्यांविनाच असतो. जन्मानंतर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की वाहिन्यांची वाढ थबकते. पुढच्या काही आठवड्यांत पडद्याची भूक वाढते, रक्त मिळत नाही, आणि व्हीईजीएफ हे वाढीला चालना देणारे प्रथिन भरमसाट तयार होऊ लागते. मग नाजूक, भलत्याच दिशेने वाढणाऱ्या वाहिन्या फुटतात. त्यांच्या ओढीने पडदा सुटला तर दृष्टी जाते. हाच आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी.

बोस्टनच्या टेरी यांनी १९४२ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. ऑक्सिजनशी त्याचा संबंध असल्याचे मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये दाखवले. आपल्याकडे तो मोठ्या प्रमाणात दिसू लागला तो अपुऱ्या दिवसांची बाळे जगू लागल्यावर, आणि त्यातही एक फरक आहे. अमेरिकेत साधारणपणे १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या, अथवा ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांची तपासणी करतात. भारतात ही रेघ २००० ग्रॅमखाली आणि ३४ आठवड्यांआधी अशी आहे, कारण आपल्याकडे अमेरिकेच्या रेघेहून मोठ्या, वजनदार बाळांनाही गंभीर आरओपी होतो. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, आणि २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर तपासणी न झाल्याने अंध झालेल्या एका मुलीला १ कोटी ८० लाख रुपये भरपाई मंजूर केली. त्या निकालानंतर अनेक रुग्णालयांत या तपासणीकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले गेले.

आमच्या कक्षात नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष येत असत. मधल्या दिवसांत प्रशिक्षण घेतलेली सिस्टर मोठ्या कोनाच्या कॅमेऱ्याने प्रतिमा काढून पाठवी. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये कर्नाटकात सुरू केलेल्या किडरॉप कार्यक्रमाने ही वाट दाखवली होती: डॉक्टर गावोगाव फिरू शकत नसेल तर प्रतिमा फिरवायच्या. अडचण वाचनाची होती. आम्ही दोघे आपापले काम सांभाळून अनेक कक्षांच्या प्रतिमा वाचत होतो आणि रांग साचत होती.

संगणकाकडे दिलेले काम

आरओपीमध्ये उपचार करायचे की थांबायचे हे बरेचसे 'प्लस' या खुणेवर ठरते. चकतीभोवतीच्या शिरा फुगलेल्या आणि धमन्या नागमोडी झालेल्या असणे, ही ती खूण. किती फुगले म्हणजे फुगलेले, हे मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते. २००७ च्या एका अभ्यासात २२ तज्ज्ञांना ३४ प्रतिमा दाखवल्या होत्या. प्लस, प्लसच्या आधीची अवस्था की काहीच नाही, यावर सर्वांचे एकमत फक्त ४ प्रतिमांत झाले. मी हा अभ्यास विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ही माणसे नवशिकी नव्हती.

संगणकीय विश्लेषण इथे खरोखर उपयोगी पडते. पहिल्या टप्प्यात प्रोग्रॅम प्रतिमेतला प्रत्येक बिंदू वाहिनीचा आहे की नाही हे ठरवतो आणि काळ्यावर पांढऱ्या रेषांचा नकाशा तयार करतो. दुसऱ्या टप्प्यात त्या नकाशावरून जाडी आणि वळणे पारखून अंदाज देतो. अमेरिकेतल्या आय-रॉप संशोधक गटाने २०१८ मध्ये ५५११ प्रतिमांवर शिकवलेला असा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. वेगळ्या १०० प्रतिमांवर प्लस ओळखताना त्याची संवेदनशीलता (प्लस असताना ते ओळखणे) ९३ टक्के आणि विशिष्टता (प्लस नसताना नाही म्हणणे) ९४ टक्के निघाली. त्याच प्रतिमा पाहणाऱ्या आठपैकी सहा तज्ज्ञांपेक्षा तो सरस ठरला. पुढे याच कामातून १ ते ९ असा तीव्रतेचा आकडा आला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही प्लस ही 'आहे' किंवा 'नाही' अशी गोष्ट नसून चढती श्रेणी आहे, हे मान्य केले.

आमच्या कार्यक्रमात अशाच धर्तीचा १ ते ९ आकडा देणारा एक प्रोग्रॅम चाचणीसाठी घेतला होता. निदान आमचेच, त्याने फक्त रांग लावायची असे ठरले होते. आकडा वरचा असेल त्या बाळाच्या प्रतिमा लाल कप्प्यात, मधल्या पिवळ्यात, खालच्या हिरव्यात. लाल त्याच दिवशी, पिवळ्या दुसऱ्या दिवशी, हिरव्या आठवड्याच्या आत वाचायच्या. आणखी एक करडा कप्पा होता: 'प्रतिमेचा दर्जा अपुरा'. त्यासमोर नियमावलीत एकच ओळ होती: पुढील भेटीत पुन्हा प्रतिमा घ्याव्यात.

ही ओळ लिहिली गेली तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हललेले फोटो, लेन्सवरची धूळ, जेलमधले बुडबुडे हेच होते. तसे फोटो रोज येतात.

जुळी

आई-वडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. मुकादमाकडून दोघांच्या नावावर एका कोयत्याची उचल घेऊन दिवाळीनंतर टोळीबरोबर आलेले. कारखान्याजवळच्या कोप्यांवर राहत असताना आईला २९व्या आठवड्यात कळा आल्या. ग्रामीण रुग्णालयात जुळे मुलगे झाले आणि तिथून बाळांना आमच्या कक्षात आणले गेले. थोरला ११८० ग्रॅम, धाकटा १०४० ग्रॅम. धाकट्याला श्वासाचा त्रास जास्त होता. गाडीत सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन चालू होता, हवा मिसळून त्याचे प्रमाण कमी करणारे ब्लेंडर गाडीत नव्हते. कक्षात आल्यावर त्याला सीपॅपवर, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, ठेवले. पुढे जंतुसंसर्ग झाला, रक्त द्यावे लागले, वजन रेंगाळले. यातली प्रत्येक गोष्ट आरओपीचा धोका वाढवणारी आहे.

दोघांचे वजन १२०० ग्रॅमच्या खाली असल्याने तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या प्रतिमा घेतल्या. थोरल्याचा आकडा खालचा आला. धाकट्याच्या प्रतिमा काहीशा अंधुक होत्या, तरी प्रोग्रॅमने त्या स्वीकारल्या आणि मधला आकडा दिला. मी त्या वाचल्या. वाहिन्या चकतीपासून फारशा पुढे गेलेल्या नव्हत्या. 'आठवड्याने पुन्हा, लांबवू नये' असा शेरा दिला.

आठवड्याने सिस्टरने दोघांच्या प्रतिमा पुन्हा घेतल्या. थोरल्याच्या व्यवस्थित आल्या. धाकट्याच्या सगळ्याच्या सगळ्या करड्या कप्प्यात गेल्या. नियमाप्रमाणे त्या पुढच्या आठवड्यापर्यंत कोणी उघडायच्या नव्हत्या.

निर्णयाचा पहिला क्षण: करडा कप्पा

त्या प्रतिमा मी उघडल्या त्या सिस्टरच्या फोनमुळे. ती म्हणाली, "मॅडम, थोरल्याचे फोटो छान आलेत. धाकट्याची बाहुलीच उघडत नाही हो. तीनदा थेंब टाकले, तास झाला. आणि बुबुळावर बारीक लाल रेघा दिसतायत." नोंदवहीतही तिने हे लिहिले होते. प्रोग्रॅममध्ये लिहायला जागाच नव्हती.

थेंब टाकूनही बाहुली न उघडणे आणि बुबुळावर रक्तवाहिन्या दिसणे हे आरओपीच्या सर्वांत आक्रमक रूपाचे लक्षण असू शकते. त्याला आता नुसते आक्रमक आरओपी म्हणतात. तो नेहमीच्या पायऱ्या चढत जात नाही, काही दिवसांतच पडदा सुटण्यापर्यंत पोहोचू शकतो. अशा डोळ्यात भिंगाभोवती गर्भावस्थेतल्या वाहिन्यांचे जाळे टिकून राहते, आतला पारदर्शक द्रव गढूळ दिसतो आणि प्रतिमा धूसर येते. म्हणजे प्रतिमा खराब येण्याचे कारण अनेकदा तोच आजार असतो, जो शोधायला प्रतिमा घेतली.

मी मूळ प्रतिमा एकेक करून पाहिल्या. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून, धुक्यातून, एका प्रतिमेत चकती दिसत होती. चारही दिशांना वाहिन्या जाड होत्या. धमनी कोणती आणि शीर कोणती हे सांगता येत नव्हते. प्रोग्रॅमने त्याच प्रतिमेवरून काढलेला वाहिन्यांचा नकाशा जवळजवळ कोरा होता.

इथे प्रोग्रॅमला दोष देणे सोपे आहे आणि ते मला पटत नाही. त्याने अंधुक प्रतिमेवर आकडा दिला असता तर तो जास्त घातक ठरला असता. वाहिन्या कमी दिसल्या की नकाशा विरळ होतो आणि आकडा खाली येतो, म्हणजे हे बाळ हिरव्या कप्प्यात जाऊन बसले असते. 'मला हे वाचता येत नाही' असे त्याने सांगितले, ते बरोबरच होते. चूक होती त्या उत्तराचा अर्थ लावणाऱ्या नियमात. हललेला फोटो आणि न उघडणारी बाहुली यांना नियमाने एकाच कप्प्यात टाकले, आणि तो कप्पा सगळ्यात शेवटी ठेवला.

पर्याय

त्या संध्याकाळी बालरोगतज्ज्ञ, सिस्टर आणि आम्ही दोघे नेत्रतज्ज्ञ फोनवर बोललो.

नियमाप्रमाणे आठवडाभर थांबणे कोणालाच मान्य नव्हते. उपचाराची गरज ठरल्यावर ते ४८ ते ७२ तासांत व्हावेत असा दंडक आहे, आणि आक्रमक रूपात तेवढा वेळही जास्त वाटतो.

सकाळी पुन्हा थेंब टाकून प्रतिमा घेण्याची सूचना माझ्या सहकाऱ्याची होती. यात तथ्य होते, कारण आमचा संशय एका धूसर प्रतिमेवर उभा होता. पण बाहुली पसरवणाऱ्या फिनायलेफ्रिनच्या जादा मात्रेने एवढ्याशा बाळाचा रक्तदाब वाढू शकतो, श्वास थांबू शकतो. शिवाय वाहिन्यांनी जखडलेली बाहुली थेंबांना दाद देत नाही. कॅमेऱ्याची लेन्स डोळ्यावर टेकवावी लागते. चांगल्या प्रतिमेच्या नादात दाब थोडा जास्त पडला तर वाहिन्यांतले रक्त दबते आणि फुगलेल्या वाहिन्याही साध्या दिसतात. हा धडा सिस्टरला प्रशिक्षणातच दिलेला होता आणि तिने त्याची आठवण करून दिली.

बाळाला शहरात हलवायचे, तर तिथे लेझर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया सगळे एका छताखाली होते. पण धाकटा सीपॅपवर होता. शहरातल्या अतिदक्षता कक्षात त्या रात्री जागा नव्हती. आणि गाडीत पुन्हा शुद्ध ऑक्सिजनच मिळणार होता, ज्याने आधीच घात केला होता. आईचाही प्रश्न होता: थोरला इथे, धाकटा तिथे, तिने कोणापाशी थांबायचे? दूध दोघांनाही तिचेच चालू होते.

चौथा पर्याय: नेत्रतज्ज्ञाने उपकरणे घेऊन कक्षात जायचे. अप्रत्यक्ष ऑफ्थॅल्मोस्कोपने अनुभवी डोळा धूसर माध्यमातूनही कॅमेऱ्यापेक्षा बरेच जास्त पाहू शकतो. बालरोगतज्ज्ञांनी आग्रह धरला आणि आम्ही तोच स्वीकारला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे होते.

निर्णयाचा दुसरा क्षण: लेझर की इंजेक्शन

प्रत्यक्ष तपासणीत संशय खरा ठरला. दोन्ही डोळ्यांत वाहिन्या चकतीजवळच्या पहिल्या विभागातच अडकलेल्या होत्या, मध्ये आखूड जोडवाहिन्यांच्या गाठी होत्या, आणि सपाट, सहज नजरेतून निसटणाऱ्या नव्या वाहिन्या पसरू लागल्या होत्या.

लेझरने वाहिन्या नसलेला पडदा जाळला की व्हीईजीएफची निर्मिती थांबते. परिणाम टिकाऊ असतो आणि पाठपुरावा तुलनेने लवकर आटोपतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी हे फार मोलाचे. पण इथे बाहुली लहान, माध्यम गढूळ, आणि जाळावा लागणारा भाग म्हणजे जवळपास सगळाच पडदा. बाळाला ते दीर्घ काम झेपणार नव्हते.

व्हीईजीएफ रोखणारे इंजेक्शन खाटेजवळ, भुलीचे थेंब टाकून, काही मिनिटांत देता येते. २०११ च्या बीट-रॉप चाचणीने पहिल्या विभागातल्या आजारात त्याचा फायदा दाखवला होता. मात्र त्याच चाचणीत आजार उलटण्याचा काळ लेझरनंतर सरासरी सहा आठवडे, तर इंजेक्शननंतर सरासरी सोळा आठवडे असा निघाला. चार महिन्यांनंतर हे कुटुंब बीडमध्ये असणार होते आणि पुढच्या हंगामात कदाचित कर्नाटकात.

वडील फडावरून आले होते. मी त्यांना समोर बसवून दोन्ही मार्ग सांगितले. त्यांनी विचारले, "सुई दिली की झालं का?" मी म्हणाले, "नाही दादा. सुईनं आत्ताचा धोका टळेल. पण पुढं कितीतरी महिने बाळाला दाखवत राहावं लागेल, आणि एक तारीख चुकली तरी नजर जाऊ शकते." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उचल फिटायची हाय अजून. पण पोराला घेऊन ही येईल. तारीख कागदावर लिहून द्या."

आम्ही इंजेक्शनचा मार्ग घेतला आणि रॅनिबिझुमॅब निवडले, कारण ते रक्तातून लवकर बाहेर पडते आणि धाकट्याची फुप्फुसे व बाकीचे अवयव अजून घडत होते. त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन दिले. बाळाला हलवावे लागले नाही.

थोरल्याच्या बाबतीत

संगणकाने आपले काम चोख केले ते थोरल्याच्या बाबतीत. त्याचा आकडा आठवड्यागणिक चढत होता आणि एका टप्प्यावर आम्हा दोघा वाचकांत मतभेद झाला. मला प्लस वाटत होते, सहकाऱ्याला त्याआधीची अवस्था. शब्दांत हा वाद मिटणारा नव्हता. मागच्या आठवड्यांचे वाहिन्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एकाच धमनीची वळणे कशी वाढत गेली हे दोघांनाही दिसले. एकटा आकडा चकवू शकतो, कारण प्रतिमेचा उजेड बदलला, कॅमेरा थोडा कलला तरी तो हलतो. चार आठवड्यांचा चढ एवढ्या सहज खोटा ठरत नाही. दुसऱ्या विभागात (पहिल्याच्या बाहेरच्या पट्ट्यात) आजाराची तिसरी पायरी आणि प्लस, असे निदान ठरले आणि लेझर केले. आजार शमला.

प्रतिमा-विश्लेषणाचा हा उपयोग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: एकाच बाळाची त्याच्या स्वतःच्या कालच्या प्रतिमेशी तुलना.

परिणाम

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांतच धाकट्याची बाहुली थेंबांना नीट उघडू लागली. गढूळपणा कमी झाला, प्रोग्रॅम त्याच्या प्रतिमा स्वीकारू लागला. पुढे काही आठवडे प्रश्न असा होता की थबकलेल्या वाहिन्या पुन्हा कडेकडे निघाल्या का. यासाठी दर खेपेच्या प्रतिमा चकती जुळवून एकमेकींवर बसवल्या आणि वाहिन्यांचे टोक चकतीच्या किती व्यासांइतके पुढे गेले हे मोजले. या मापाला मर्यादा आहेत. मोठ्या कोनाच्या प्रतिमेत कडेचा भाग ताणला जातो. विभाग ठरवायला चकतीपासून दृष्टिबिंदूचे अंतर लागते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात दृष्टिबिंदू पुरता घडलेलाच नसतो, तो कुठे आहे हा अंदाज असतो. तरीही कल कळला: वाहिन्या दुसऱ्या विभागात आल्या, काही काळ सरकल्या आणि मग थांबल्या.

हंगाम संपत आला होता. कुटुंब परतण्याआधी वाहिन्यांविना उरलेल्या भागावर लेझर करून घेतले. वाहिन्या आणखी वाढतात का हे पाहत थांबणेही वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नव्हते, आणि घर जवळ असलेल्या बाळासाठी मी कदाचित तेच केले असते. इथे आजार उलटला तर तो पाहायला कोणी असेल याची खात्री नव्हती. माझ्या सहकाऱ्याचे मत शेवटपर्यंत वेगळे राहिले. त्याच्या मते लेझरने कडेची नजर थोडी गमावली जाते, आणि हे खरे आहे.

साधारण वर्षाचे झाल्यावर दोघेही नजरेने खेळण्याचा माग घेत होते. थोरल्याला सौम्य लघुदृष्टी आहे. धाकट्याला जास्त नंबरचा चष्मा लागला आणि डाव्या डोळ्यात तिरळेपणा आहे. तो डोळा आळशी पडू नये म्हणून उजव्यावर ठरावीक वेळ पट्टी लावतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत, विशेषतः उपचार झालेल्यांत, नंबर आणि तिरळेपणा जास्त आढळतो. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत तपासण्या चालूच राहतील. बीडमधल्या गावच्या आशाताईंकडे तारखांचा कागद दिला होता आणि पहिल्या वर्षाच्या बहुतेक भेटी त्यांनीच जमवून आणल्या.

वेगळे काय करता येईल

करड्या कप्प्याचा नियम लगेच बदलला. बाहुली न उघडणे, बुबुळावर वाहिन्या दिसणे किंवा माध्यम गढूळ असणे, यांपैकी एक जरी नोंद असली तर प्रतिमा थेट लाल कप्प्यात जातात. दुसरे कोणतेही कारण असले तरी करड्या प्रतिमा त्याच दिवशी कोणीतरी डोळ्यांनी पाहायच्या. सिस्टरची नोंद लिहायला प्रोग्रॅममध्ये जागा केली आणि ती न भरता पुढे जाता येत नाही. हे आधीच करता आले असते. नियम तयार करणाऱ्या बैठकीला प्रतिमा काढणारी एकही सिस्टर बोलावलेली नव्हती. मला हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते. बाहुली उघडते की नाही हे रोज तीच पाहते, आम्हाला शहरात फक्त चौकट दिसते.

पहिल्या तपासणीचाही विचार व्हायला हवा. त्या वेळी धाकट्याच्या प्रतिमा अंधुक होत्या आणि तरी मधला आकडा मिळाला होता. प्रतिमा स्वीकारण्याची किमान मर्यादा सैल होती. आता आकड्यासोबत प्रतिमेच्या दर्जाचेही गुण दिसतात, आणि दर्जा कमी असेल तर आकडा झाकलेला राहतो. याने आमचे वाचनाचे काम वाढले. ते मी आनंदाने करते.

ऑक्सिजनचे काम अर्धवट आहे. कक्षात रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९१ ते ९५ टक्क्यांत ठेवायचे आणि वरच्या मर्यादेचाही गजर चालू ठेवायचा, हे आता पाळले जाते. अनेक ठिकाणी खालचाच गजर चालू असतो, कारण ऑक्सिजन जास्त झाल्याने बाळ निळे पडत नाही. ग्रामीण रुग्णालयातून येणाऱ्या गाड्यांत मात्र ब्लेंडर अजून पोहोचलेले नाहीत. प्रतिमा-विश्लेषणावर खर्च करताना हा खर्च आधी व्हावा, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते. संगणक झालेला आजार लवकर दाखवील, गाडीतला ब्लेंडर तो होण्याआधी थोपवू शकतो.

प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांकडे आता आमची एक मागणी आहे आणि पुढचा करार तिच्यावर अडला आहे. अचूकतेचे आकडे सांगताना नाकारलेल्या प्रतिमा हिशेबातून वगळू नयेत. किती प्रतिमा नाकारल्या, का नाकारल्या, आणि त्या बाळांना पुढे काय झाले, हे आकड्यांच्या शेजारीच छापावे. भारतीय बाळांच्या पडद्याचा रंग गडद असतो, त्यावर वाहिन्यांचा उठाव वेगळा दिसतो. कॅमेरे वेगळे आहेत आणि बाळेही वजनाने वेगळी. परदेशातल्या स्वच्छ प्रतिमांवर मिळालेली अचूकता इथे जशीच्या तशी धरता येणार नाही. आम्ही आमच्या करड्या कप्प्यातल्या सगळ्या प्रतिमा, पालकांची परवानगी घेऊन आणि ओळख काढून, बाळाच्या पुढच्या निदानासह जपून ठेवायला सुरुवात केली आहे. पुढची आवृत्ती आधी त्यांच्यावर तपासली जाईल, मग कक्षात येईल.